अंतरा, गोळ्या, तांबी आणि तुमची हाडे

अंतराचे इंजेक्शन घेतल्यापासून कंबर धरते, म्हणजे हाडे ठिसूळ झाली का? पीसीओडीसाठी वर्षभर गोळ्या चालू आहेत, त्या हाडे पोखरतील का? मुलगी बारावीला आहे आणि डॉक्टरांनी तिला हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, द्याव्यात की नाही? वाचक मैत्रिणींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते अगदी रास्त आहेत. पण वेळेवर उत्तर न मिळाल्यामुळे अनेकजणी घाबरून इंजेक्शन किंवा गोळी सोडतात, दुसरे साधन हाताशी नसते आणि नको असताना दिवस जातात. उलट ज्यांनी खरोखर जपायला हवे, त्यांना कोणी सांगतच नाही. म्हणून कोणत्या साधनाचा हाडांशी किती संबंध आहे आणि तुम्ही काय करायचे, ते इथे क्रमाने पाहू.

आधी थोडक्यात उत्तर

- तीन महिन्यांचे इंजेक्शन (सरकारी केंद्रात ‘अंतरा’, खासगीत ‘डेपो’): घेत असताना हाडांची घनता थोडी कमी होते. बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते.
- माला-एन, माला-डी आणि तशा एकत्रित हार्मोनच्या गोळ्या: प्रौढ स्त्रियांच्या हाडांवर चिंता करण्याजोगा परिणाम दिसत नाही. किशोरवयीन मुलींबाबत थोडा विचार लागतो, तो पुढे येईल.
- केवळ प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, दंडात बसवायचे इम्प्लांट, हार्मोनची तांबी: हाडांची लक्षणीय झीज आढळलेली नाही.
- तातडीची गोळी: हाडांसाठी भीतीचे कारण नाही. मात्र ते नेहमी वापरायचे साधन नव्हे.
- साधी तांबी (कॉपर-टी) आणि निरोध: यांत हार्मोनच नसते, त्यामुळे हाडांशी संबंध नाही.
- आठवड्याची ‘छाया’ गोळी: ही स्टेरॉइड हार्मोनची गोळी नाही आणि बीजकोषांत तयार होणारे इस्ट्रोजेन ती थांबवत नाही.
- कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन: यात फक्त बीजनलिका बंद होतात. बीजकोष जागेवरच राहतात, म्हणून हाडे झिजत नाहीत.

थोडक्यात, हाडांचा विचार करून निर्णय घ्यायचा तो मुख्यतः इंजेक्शनाबाबत.

इंजेक्शनाने नेमके काय होते

आपल्या शरीरात जुने हाड मोडणे आणि नवे बांधणे आयुष्यभर चालू असते. मोडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. इंजेक्शनातले औषध बीजकोषांचे काम थांबवते, म्हणूनच गर्भ राहत नाही. पण त्यामुळे इस्ट्रोजेनही कमी होते आणि मोडण्याचा वेग बांधण्यापेक्षा वाढतो. एकत्रित गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन बाहेरून मिळते, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

घट किती होते? सलग पाच वर्षे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांत कणा आणि खुबा इथली घनता सरासरी ५ ते ६ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. सर्वांत जास्त घट पहिल्या दोन वर्षांत होते, नंतर वेग मंदावतो. इंजेक्शन थांबवल्यावर कण्याची भरपाई साधारण दोन-तीन वर्षांत होते, खुब्याला जास्त काळ लागतो. वापर जितका दीर्घ, तितकी भरपाई सावकाश आणि काहीजणींत ती पूर्ण होत नाही.

या आकड्याने दचकू नका. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांची घनताही त्या काळात ३ ते ५ टक्क्यांनी उतरते आणि दूध तोडल्यावर परत येते. स्त्रीच्या शरीराला अशी चढउतार सोसण्याची सवय आहे. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा उतार फार लांबतो किंवा मुळातच हाडे कमी भरलेली असतात.

घनता कमी होणे म्हणजे हाड मोडणे नव्हे, हेही लक्षात ठेवा. इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांत अस्थिभंगाचे प्रमाण काही अभ्यासांत थोडे जास्त आढळले. पण ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात या स्त्रियांमध्ये ते प्रमाण इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीही जास्तच होते. त्यामुळे सगळा दोष औषधावर टाकता येत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या इंजेक्शनाच्या वेष्टनावर हाडांबद्दल ठळक इशारा छापायला लावला आणि दुसरे साधन चालत असेल तर दोन वर्षांहून अधिक काळ घेऊ नये असे सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १८ ते ४५ वयाच्या स्त्रियांवर कोणतीही कालमर्यादा घातली नाही. भारतात सरकारी कार्यक्रमात हे इंजेक्शन २०१७ मध्ये ‘अंतरा’ या नावाने आले, त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ स्त्री-संघटनांनी त्याच्या दुष्परिणामांबद्दल प्रश्न विचारले होते. दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या तर व्यवहारात एकच नियम उरतो: दर दोन वर्षांनी थांबून फेरविचार करा.

कंबरदुखी म्हणजे हाडांची झीज नव्हे

घनता कमी झाली तरी हाडे दुखत नाहीत. हाड मोडेपर्यंत शरीर कसलीही सूचना देत नाही. म्हणजे इंजेक्शन घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत सुरू झालेली कंबरदुखी ही ‘हाडे झिजल्याची’ खूण नाही. ऑपरेशननंतरच्या किंवा तांबी बसवल्यानंतरच्या कंबरदुखीलाही हेच लागू आहे.

मग दुखते कशामुळे? रक्त कमी असणे, व्हिटॅमिन डीची कमतरता, बाळंतपणानंतर सैल पडलेले पोटाचे आणि पाठीचे स्नायू, वाकून करायची कामे, पाण्याचे हंडे, ओटीपोटातला जंतुसंसर्ग अशी कारणे बहुधा निघतात. ती शोधून उपचार करून घ्या. सगळे दुखणे इंजेक्शनावर ढकलले, तर खरे कारण तसेच राहून जाते.

तुम्ही कोणत्या गटात येता?

१८ वर्षांखालील मुली. मुलीच्या हाडांची जवळपास ९० टक्के भरणी अठराव्या वर्षापर्यंत होते. याच काळात इंजेक्शन घेतले तर भरणीला खीळ बसू शकते. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलींबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे. इथे तांबी, निरोध यांचा आधी विचार करा. दुसरे काहीच चालत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन घेता येते, कारण त्या वयातले गरोदरपण त्याहून घातक ठरते.

१८ ते ४५ वर्षे, बाकी प्रकृती ठीक. इंजेक्शन घ्यायला हाडांमुळे अडचण नाही. दर दोन वर्षांनी फेरविचार करा.

४५ वर्षांपुढे. पाळी जाण्याच्या आधीच इस्ट्रोजेन उतरू लागते. त्यात इंजेक्शनाची भर पडली, तर भरपाईला वेळ मिळत नाही. घ्यायला बंदी नाही, पण तांबीकडे वळणे अधिक शहाणपणाचे. पन्नाशीला तर बदल कराच.

वय कोणतेही असो, खालीलपैकी काही लागू असेल तर इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा:

- किरकोळ पडण्याने पूर्वी हाड मोडले आहे
- आईचे किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडले होते
- वजन फार कमी आहे, किंवा खाण्याचे प्रमाण दीर्घकाळ अपुरे आहे
- दमा, संधिवात अशा आजारांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या अनेक महिने चालू आहेत
- फिट्सची औषधे (फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन) चालू आहेत
- थायरॉइड वाढलेले आहे, किंवा आतड्याचा अथवा मूत्रपिंडाचा जुना आजार आहे
- तंबाखूचे व्यसन आहे (यात मिशरीही आली), किंवा दारूचे आहे

यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असतील, तर दुसरे साधन निवडणे बरे.

फिट्सच्या औषधांबाबत एक पेच समजून घ्या. वर दिलेली औषधे स्वतःच हाडांना त्रासदायक आहेत, शिवाय त्यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळेही गोळ्यांचा परिणाम असाच घटतो. इंजेक्शनाचा गर्भनिरोधक परिणाम टिकतो, पण हाडांवर दुहेरी भार येतो. अशा वेळी साधी तांबी सर्वांत सोयीची.

इंजेक्शन घेत असाल तर असे करा

1. कार्ड जपून ठेवा. पहिला डोस कधी घेतला आणि एकूण किती झाले, हे त्यावर दिसते. फेरविचाराची तारीख स्वतः त्यावर लिहून ठेवा. मजुरीसाठी गाव सोडताना कार्ड सोबत न्या, म्हणजे दुसऱ्या सरकारी केंद्रात पुढचा डोस घेता येईल.
2. तारीख पाळा. डोस तीन महिन्यांनी असतो. गरज पडल्यास दोन आठवडे आधी किंवा चार आठवड्यांपर्यंत उशिरा चालतो. त्याहून उशीर झाला तर आधी गरोदर नसल्याची खात्री करावी लागते.
3. दोन वर्षांनी तीन प्रश्न विचारा. मला अजून किती वर्षे पाळणा लांबवायचा आहे? दरम्यान माझ्या प्रकृतीत किंवा औषधांत काही बदल झाला का? मला दुसरे साधन चालेल का? उत्तरे पाहून चालू ठेवा किंवा बदला.
4. मूल हवे असेल तर आधी आखणी करा. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. हे वंध्यत्व नव्हे.
5. पाळी थांबली तर घाबरू नका. वर्षभरानंतर अनेकजणींची पाळी बंद होते. रक्त आत साचत नाही, कारण आतले अस्तरच पातळ राहते. मात्र पाळी नाही म्हणजे इस्ट्रोजेन कमी आहे, एवढे ध्यानात ठेवून खाण्याकडे लक्ष द्या.

गोळ्या घेणाऱ्यांसाठी

पीसीओडीसाठी किंवा पाळणा लांबवण्यासाठी एकत्रित गोळ्या घेणाऱ्या प्रौढ स्त्रीने हाडांच्या भीतीने त्या सोडू नयेत. माला-एनमध्ये ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असते. अलीकडे २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेच्या गोळ्याही लिहून देतात. अशा कमी मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्या किशोरवयीन मुलींत हाडांची भरणी थोडी मंदावल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणून मुलीला गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टरांना विचारा: कशासाठी, किती महिने, कोणत्या मात्रेच्या? योग्य कारणासाठी दिल्या असतील तर द्या. सोबत तिचे जेवण नीट आहे ना, ते पाहा.

एका गोष्टीबद्दल मात्र मनापासून सावध करावेसे वाटते. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या, कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्या किंवा बारीक होण्यासाठी जेवण तोडणाऱ्या मुलींची पाळी कधी कधी महिनोन् महिने बंद होते. व्यायाम जास्त आणि खाणे कमी झाले की शरीर इस्ट्रोजेन बनवणे आखडते. तिला गोळ्या दिल्या की दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण तो गोळीचा परिणाम असतो, शरीर सावरल्याची खूण नव्हे, आणि या गोळ्या अशा मुलीची हाडे भरून काढत नाहीत. उपाय एकच: पुरेसे अन्न, थोडी विश्रांती आणि वजन परत येणे. तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नाही, तर कारण शोधल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका.

तपासणी कधी आणि कोणती

केवळ इंजेक्शन घेता म्हणून हाडांची तपासणी करून घेण्याची गरज नाही. वरच्या यादीतली कारणे असतील किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तरच डॉक्टर ‘डेक्सा’ तपासणी सांगतात. ती झाली तर:

- पाळी चालू असण्याच्या वयात अहवालातला ‘झेड-स्कोअर’ पाहायचा असतो. ‘टी-स्कोअर’ पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आहे. तिशीतल्या बाईला टी-स्कोअर पाहून ‘ऑस्टिओपोरोसिस’ म्हटले असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.
- झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली असेल, तर घनता वयाच्या मानाने कमी आहे असे समजतात. मग कारणाचा शोध आणि साधनात बदल, दोन्ही करावे लागते.
- शिबिरात टाचेवर यंत्र लावून होणारी मोफत तपासणी म्हणजे डेक्सा नव्हे. तिच्या आकड्यावरून आजार ठरवू नका आणि तिथेच महागडी औषधे विकत घेऊ नका.

ताट, ऊन आणि चालणे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, अंगावर पाजणाऱ्या आईला १२००. हे आपल्याच स्वयंपाकघरातून जमते:

- नाचणीच्या पिठाच्या दोन मध्यम भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ): सुमारे ३५० मिलिग्रॅम
- एक पेला दूध (२०० मिलिलिटर): सुमारे २४०
- एक मोठी वाटी दही: सुमारे १८०
- तिळाची चटणी (१० ग्रॅम तीळ): सुमारे १२०

बाकीचे डाळी, राजगिऱ्याची आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी यांतून येते. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट खाता येणारे छोटे मासे आणि सुकट विसरू नये. पालकात कॅल्शियम असले तरी त्यातले फारच थोडे अंगी लागते. घरातले दूध आधी मुलांना, मग पुरुषांना आणि उरले तर बाईला, ही वाटणी बदलल्याशिवाय मात्र यातले काही साधणार नाही.

कॅल्शियम अंगी लागायला व्हिटॅमिन डी हवे. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही वेळा दुपारच्या सुमाराचे ऊन थोडा वेळ घ्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात डी फारसे तयार होत नाही. बैठे काम असेल तर रोज भरभर चाला, जिने चढा. शेतात राबणाऱ्या बाईला मात्र वेगळ्या व्यायामाची नाही, पोटभर अन्नाची आणि विश्रांतीची गरज आहे.

या चुका टाळा

- दुसरे साधन सुरू न करता पहिले सोडू नका. आधी नवे ठरवा, मग जुने थांबवा.
- मैत्रिणीच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. रक्तदाब, रक्ताच्या गाठीचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर एकत्रित गोळ्या धोक्याच्या. हाडे वाचवायला जाऊन जीव धोक्यात घालू नका.
- लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका. कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही. दोन तासांचे तरी अंतर ठेवा.
- व्हिटॅमिन डीची मोठ्या मात्रेची इंजेक्शने वारंवार टोचून घेऊ नका. अति झाले तर ते विषारी ठरते.
- अनियमित रक्तस्रावाला वैतागून गर्भपिशवी काढू नका. इंजेक्शनाच्या पहिल्या काही महिन्यांत रक्तस्राव अनियमित होतो. त्यावर औषधे आहेत, साधनही बदलता येते. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर इस्ट्रोजेन कायमचे जाते आणि त्याने होणारी हाडांची हानी इंजेक्शनापेक्षा कितीतरी मोठी, शिवाय ती आपोआप भरून न येणारी असते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या तरुण वयात झालेल्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

तुमचे हक्क

- साधन कोणते घ्यायचे हे तुम्ही ठरवायचे. केंद्रात उपलब्ध असलेल्या सर्व साधनांची माहिती, फायद्या-तोट्यांसह, मागा. हाडांचा मुद्दा सांगितला नाही, तर तुम्ही स्वतः विचारा.
- सरकारी केंद्रात अंतरा, छाया, माला-एन, निरोध आणि तांबी मोफत मिळतात.
- सज्ञान स्त्रीला यांपैकी कोणत्याही साधनासाठी नवऱ्याची किंवा सासूची परवानगी लागत नाही.
- इंजेक्शन पुढे घ्यायचे नाही, तांबी काढायची आहे, हे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘अजून थोडे दिवस राहू द्या’ म्हणून परत पाठवले, तर पुन्हा जा आणि ठामपणे सांगा.
- बाळंतपणाच्या वेळी तुमच्या संमतीशिवाय तांबी बसवता येत नाही.
- तुमची माहिती गुप्त ठेवणे ही केंद्राची जबाबदारी आहे. दाद मिळाली नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

मैत्रिणींनो, ऐकीव भीतीने साधन सोडू नका आणि कोणी सांगितले म्हणून वर्षानुवर्षे आंधळेपणाने चालूही ठेवू नका. पुढच्या डोसला जाल तेव्हा तुमचे वय, चालू असलेली औषधे आणि इंजेक्शन किती वर्षे घेता आहात, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा: माझ्या हाडांसाठी हेच साधन योग्य आहे का? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.